मे महिन्यात डब्यावर रजई

फोन वाजला तेव्हा मी झोपलो होतो. दुपारचा सव्वा वाजला होता. फोन शकूनचा, म्हणजे माझ्या बायकोचा. आमच्या डब्यावर स्टिकर आहे, “शकून टिफिन”, अन् त्यावर नंबरही तिचाच आहे. पहिले माझा नंबर टाकला होता. पण मी फोन उचलला की गिऱ्हाईकाले हसवत बसतो अन् ऑर्डर काय होती तेच विसरतो. म्हणून तिचा.

झोपेत मले तिचं बोलणं ऐकू येऊन राहिलं होतं. “हव मॅडम... दाल भी?... पूरा वैसा ही रखा है?... हव, हव.” मी डोळे बंदच ठेवले. झोपलेल्या माणसाले कोणी प्रश्न विचारत नाही, असा माझा आजवरचा अनुभव.

“उठा,” शकून म्हणे. “जागे आहा तुम्ही. झोपलेल्या माणसाचं पोट असं खालीवर होत नाही.”

मी उठलो.

“नेताम मॅडमचा फोन होता. डाळ आंबली म्हणते. सफरचंद काळं पडलं म्हणते. अकरा लोकायनं डबा उघडून तसाच बंद केला. अन् हे आजचं नाही म्हणते, पंधरा दिवसांपासून चालून राहिलं. तुम्ही तं रोज सांगता, डबे पुसून साफ येते म्हणून.”

“साफ तं येतेच,” मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. साफ येत होते. कारण आदल्या दिवशीचे डबे घेऊन कारखान्यातून परत येताना बीरगांवच्या वळणावर मी गाडी थांबवत होतो अन् उरलेलं सगळं तिथल्या गाईले घालत होतो. शकूनले वाईट वाटू नये म्हणून. पहिले दोन गाई येत होत्या. मंग एक. तीन दिवसांपासून तीही लांबून पाहून दुसरीकडे चालली जात होती. तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं. पण गाईच्या वागण्यावरून धंद्याची परीक्षा कराची असते, हे मले कोणी शिकवलं नव्हतं.

आता आमचा धंदा सांगतो. माझं नाव मधुकर, रायपूरले तात्यापाऱ्यात राहतो. बाप भंडाऱ्याकडून रेल्वेत आला अन् इथलाच झाला. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तिसरीत मात्र दोनदा गेलो. हे सगळं मी तोंडानं सांगून राहिलो अन् भाची लिहून राहिली. लिहिण्यातल्या चुका तिच्या, मूर्खपणा माझा.

तीस वर्षं मी लग्नाच्या स्वयंपाकात होतो. मोठ्या कढईत सराटा, म्हणजे मोठं उलथनं, फिरवाचं काम. मंग खांदा गेला, म्हणून घरी बसलो. शकूनच्या हाताले चव आहे, तर आसपासच्या दुकानदाराले डबे द्याले लागलो. ते सोपं होतं. चुलीवरून उतरवलं की पाच मिनिटांत माणसाच्या समोर. मंग मागच्या नोव्हेंबरात उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका कारखान्यात चाळीस डब्याचं काम लागलं. पंख्याचे पार्ट बनते तिथी. कँटीन नाही. नेताम मॅडम तिथल्या ऑफिसात सगळी व्यवस्था पाहते. पाण्याच्या कॅनपासून आमच्या डब्यापर्यंत.

डबा म्हणजे स्टीलचा, तीन खणाचा. एकावर एक खण, वरून कडी. खाली डाळ, मधात भात-पोळी-भाजी, वरच्या खणात कापलेलं फळ. फळ मॅडमनंच मागतलं होतं. “लेडीज़ को फल चाहिए, भैया. अच्छा कटा हुआ, देखने में अच्छा लगे.” मी म्हटलं, लग्नात टरबुजाचा हंस बनवलेला आहे मी, सफरचंद काय चीज आहे.

जानेवारीत तक्रार आली होती की जेवण थंड येते. आमच्याकडच्या लोकायची एक सवय आहे. डबा हातात आला की उघडाच्या पहिले त्याच्या बुडाले हात लावून पाहते. गरम लागला तं चेहरा खुलते. थंड लागला तं आतमंदी काहीही असो, तो शिळाच. मंग मी डब्याच्या मोठ्या पेटीले घरची जुनी रजई गुंडाळली. लोकायनं बुडाले हात लावला, खुश. मी खुश. हिवाळा गेला. होळी गेली. रजई तशीच राहिली. मे महिना लागला, रायपुरात डांबर चपलेले चिपकाले लागलं, अन् माझे डबे रजई पांघरून उरल्याले जाऊन राहिले होते.

तर त्या गुरुवारी नेताम मॅडमनं शकूनले फोनवर सांगतलं ते असं. आठ दिवस देते. पुढच्या गुरुवारी मी स्वतः डबा उघडून पाहीन. नाही सुधारलं तं दुसरी एजन्सी तयार आहे, तिचा माणूस येऊन बोलून गेला.

शकून भिंतीले टेकून बसली. म्हणे, “माझं नाव आहे डब्यावर.”

“माझं टाकू का?”

“तुमचं टाकलं तं आठ दिवसही नाही देणार.”

आमच्याकडे पोळ्या लाटाले फुलेश्वरी येते. इथलीच, छत्तीसगढी. आमच्या कामासाठी तिनं दोन घरची धुणीभांडी सोडली होती. तिनं हे सगळं ऐकलं, पोळपाट धुतला अन् उभा करून ठेवला. तो पोळपाट पाहून मले पहिल्यांदा भीती वाटली.

मी म्हटलं, टेन्शन घेऊ नका. हे काम माझ्यावर सोडा. हे बोलणं माझ्या तोंडून निघालं की आमच्या घरी काहीतरी बिघडतेच.

शुक्रवारी मी फळापासून सुरुवात केली. लिंबू लावलं की सफरचंद काळं पडत नाही, हे सगळ्याले माहीत आहे. मी विचार केला, थोड्या लिंबानं थोडं काम होते, तं जास्त लिंबानं जास्त होईन. सफरचंद, केळ, पपई, सगळ्यावर लिंबं पिळली. पांढरं राह्यलं, खोटं कशाले बोलू. दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यात एक चिठ्ठी होती. कारखान्यात दुबेजी म्हणून आहे, हिशोब पाहते, चिठ्ठ्या लिहाची आवड आहे त्याले. मले हिंदी वाचाले वेळ लागते, म्हणून गेटवरच्या गार्डले वाचाले लावली. तो जोरात वाचे, “भैया, अचार अच्छा था. फल कब भेजोगे?”

शनिवारी मिठाचं पाणी. शकूननं सांगतलं होतं, “तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ. फोडी दोन मिनिटं बुडवा, काढा, कपड्यावर कोरड्या करा.” तिनं अगदी बरोबर सांगतलं होतं. पण माझी चिमूट लग्नाच्या कढईची आहे. पाचशे पानाच्या हिशोबानं बनलेली. वरून मी फोडी बुडवल्या अन् चहा प्याले बसलो. नेताम मॅडमनं शकूनले फोन करून विचारलं, “दीदी, भैया रो-रो के फल काट रहे हैं क्या?”

रविवारी सुट्टी. मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाह्यला. सफरचंद कापाचं, फोडी पुन्हा जुळवून अख्खं केल्यासारखं धराचं अन् रबर लावाचं. हवा लागत नाही, तं काळं पडत नाही. मले हे लय हुशारीचं वाटलं. लगेच पेन्सिलच्या दुकानातून रबराचं पाकीट आणलं अन् सोमवारी चाळीस सफरचंदं बांधली. दिसाले अशी सुंदर की एकेकाले देव्हाऱ्यात ठेवावं. पण वरच्या खणात खालून वाफ येत होती, अन् रबर तापलं. गार्डनं दुसऱ्या दिवशी सांगतलं की लोकं म्हणते, दिसाले सफरचंद अन् वासाले सायकलची ट्यूब.

त्याच सोमवारी सकाळी फुलेश्वरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. मी शिजलेला भात गंजातून सरळ डब्यात भरून राहिलो होतो. वाफ निघून राहिली होती, मी झाकण दाबून कडी लावून राहिलो होतो.

“गरम-गरम ला काबर बंद करथस, भैया?” म्हणजे, गरम भात कोंडून काहून ठेवता?

“गरम पाहिजे त्याहिले. बुडाले हात लावते.”

ती हसली. म्हणे, आम्ही बासी करतो तेव्हा असं नाही करत. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवाचा अन् सकाळी कांदा-मिरचीसंगं खाचा. उन्हाळ्यात इथी घराघरात खाते. ती म्हणे, भात पहिले परातीत पसरवाचा. पूर्ण थंड होऊ द्याचा. मंगच पाणी घालाचं. गरम भात झाकला तं त्याले घाम येते, अन् घाम आलेला भात सकाळपर्यंत नाही टिकत. “हमर दाई घलो जानथे.” आमच्या आईलेही हे माहीत आहे, असा त्याचा अर्थ. अन् माझ्या तीस वर्षाच्या कॅटरिंगले हे माहीत नव्हतं, असाही अर्थ.

शकूननं लगेच परात काढली. भात पसरवला, पंखा लावला, थंड केला, मंग भरला. त्या दिवशी भाताची तक्रार आली नाही. म्हणजे आंबल्याची नाही. थंड असल्याची आली. डाळ मात्र आंबली ती आंबलीच, कारण डाळ परातीत पसरवता येत नाही.

सोमवारी दुपारी पुन्हा फोन. आठ डबे तसेच राह्यले. शकूननं फोन ठेवला अन् म्हणे, “उद्या मी येते तुमच्यासंगं.”

मी घाबरलो. काहून, हे आता सांगतो.

नोव्हेंबरात काम लागलं तेव्हा शकूननं मले विचारलं होतं, डबे किती वाजेपर्यंत पोचवाचे? मी गेटवर विचारलं नव्हतं. पण माझ्या मनात एक हिशोब होता. लग्नाच्या कामात रात्रभर जागाचं अन् दुपारी झोपाचं, अशी तीस वर्षाची सवय. बारा ते तीन मले झोप लागते. डबे साडेनवाले पोचवले, तं साडेदहाले मी घरी. आंघोळ, जेवण, झोप. म्हणून मी म्हटलं, “दहाच्या अंदर पाहिजे म्हणते. दहाले गेट बंद होते.”

एवढंच बोललो. काही विचार करून नाही बोललो. पण खोट्याचं असं असते की ते पाहुण्यासारखं येते, दोन दिवस म्हणून, अन् मंग त्याची खाट पडूनच राहते.

शकूननं हिशोब लावला. साडेआठाले गाडी निघाली पाहिजे, म्हणजे सातपासून भरणं, म्हणजे पाचाले चूल, म्हणजे चारले उठणं. नोव्हेंबरापासून ती चारले उठून राहिली होती. थंडीत थंड पाण्यात हात घालून तांदूळ धूत होती. मी सहाले उठत होतो अन् म्हणत होतो, “काय वो, अजून चहा नाही?”

“तू नको येऊ,” मी म्हटलं. “ऊन लय आहे. अन् गेटवर लेडीज सोडत नाही.”

“नेताम मॅडम कोण आहे मंग?”

मी गाडी पुसाले बाहेर गेलो.

मंगळवारी साडेआठाले आम्ही निघालो. माझी छोटी ई-लोडर आहे, बॅटरीवाली. मागे पेटी, पेटीवर रजई, बाजूले शकून. पूर्ण रस्ता मी बोलत गेलो. ते पाहा नवीन दुकान, ते पाहा पूल, त्या पाहा गाई. गाईचं नाव काढलं अन् लगेच पस्तावलो, कारण त्यातली एक गाडी ओळखून दोन पावलं मागे सरकली. शकूननं गाईकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे पाह्यलं.

गेटवर पोचलो. गार्डच्या खोलीच्या बाजूले टिनाचं शेड आहे, तिथी मी रोज पेटी ठेवतो. शकूननं वर टिनाले पाह्यलं. खाली पेटीवर हात ठेवला. मंग गार्डले म्हणे, “भैया, दहाले गेट बंद करता म्हणून इतक्या लवकर आणा लागते. थोडं अकरापर्यंत चालन का? मॅडमले विचारून पाहा ना.”

गार्ड भला माणूस. त्याले वाटलं, बिचारी चुकीचं समजून राहिली. म्हणे, “किसने बोला, दीदी? गेट तो दिन भर खुला है. खाना एक बजे होता है. साढ़े बारह में लाओ, चाहे पौने एक में लाओ. हम तो खुद सोचते थे, भैया इतनी सुबह-सुबह काहे को आ जाते हैं.”

समोर विजेचा खांब होता. मी त्या खांबाकडे पाहाले लागलो. मी आयुष्यात कोण्या खांबाले इतकं नीट पाह्यलं नाही.

माझ्याजवळ नेहमी एखादी गंमत तयार असते. लग्नात वऱ्हाड्याले पुरी कमी पडली तरी मी हसवून वेळ काढत होतो. त्या दिवशी तोंडात काहीच आलं नाही.

शकून म्हणे, “सात महिने.”

बस. एवढंच. पदरानं कपाळ पुसलं अन् शेडमधल्या बाकावर बसली. मी म्हटलं, “चल, घरी जाऊ.” ती म्हणे, “नाही. आपण एक वाजता जेवू. इथीच. ह्याच डब्यातलं.”

साडेतीन घंटे आम्ही त्या टिनाखाली बसलो. मी दोनदा पाणी आणलं. ती प्याली. अकराले टीन तापलं. बाराले असं वाटलं की आपण स्वतःच डब्याच्या मधल्या खणात बसलो आहो. बारा वाजता मले सवयीनं जांभई आली. शकूननं पाह्यलं. मी जांभई तोंडातच परत घेतली. कधी करून पाहा, कान दुखते.

एक वाजता घंटी झाली. शकूननं पेटीतून एक डबा काढला, त्याच्या बुडाले हात लावला, माझाही हात धरून लावला. कोमट. तापल्या पोट्ट्याच्या कपाळासारखं कोमट. तिनं वरचा खण उघडला. सफरचंदाच्या फोडी घामानं ओल्या, कडेनं तांबूस. पपई पाणी सोडून बसलेली. मी एक फोड तोंडात टाकली. गरम सफरचंद कसं लागते ते मले त्या दिवशी समजलं. कोणीतरी आधीच चावून आपल्याले दिल्यासारखं लागते. मधात भाजी ठीक. खालचा खण उघडला तं डाळीवर बारीक फेस, अन् वास. शकून म्हणे, “खा.” मी एक घास तोंडात टाकला अन् बाजूले जाऊन थुंकला. दुसरा तिनंच नाही खाऊ दिला.

सात महिन्यांत मी माझा डबा एकदाही खाल्ला नव्हता. माझं जेवण साडेदहाले घरी होत होतं, चुलीवरून ताटात. त्या चाळीस लोकायले मी जे देऊन राहिलो होतो, ते मी रोज फक्त उचलून नेत होतो.

नेताम मॅडम जेवाच्या सुट्टीत बाहेर आली. आम्हाले शेडमध्ये पाहून थांबली. “अरे दीदी, आप? यहाँ?”

मी खाली पाह्यलं. मनात म्हटलं, आता सांगते. सांगू दे. सांगाचंच आहे.

शकून म्हणे, “मॅडम, आमच्या टायमाची गडबड होती. घरातली. उद्यापासून डबे साडेबाराले येईन.”

एवढंच बोलली. माझं नाव घेतलं नाही. खरं सांगतो, तिनं तिथी मले दोन शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. नाव न घेणं लय भारी पडते.

मॅडमनं डाळीचा वास घेतला, मंग रजईले बोट लावलं. ती हिंदीत म्हणे, पण मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो, “भैया, खाणं एक तं कडक गरम ठेवा, हात भाजला पाहिजे असं. नाही तं एकदम थंड ठेवा. हे मधातलं कोमट आहे ना, ह्यातच सगळं बिघडते. तुम्ही तं चार घंटे कोमट ठेवाची मशीन बनवली आहे.” मंग रजईकडे पाहून म्हणे, “मई में रजाई कौन ओढ़ता है?”

“हे ओढते ना,” शकून म्हणे. अन् पहिल्यांदा थोडी हसली. मले त्या हसण्यानं बरं वाटलं. माझ्यावरच हसली, तरी बरं वाटलं.

घरी परत जाताना बीरगांवच्या वळणावर तिनं गाडी थांबवाले लावली. त्या गाईकडे बोट करून म्हणे, “किती दिवस?”

“पंधरा.”

“तिचंही पोट बिघडवलं.” मंग गाडी पुढे गेल्यावर म्हणे, “मले सांगतलं असतं ना, तुम्हाले दुपारी झोप लागते, तं मी दुसरा टाइम काढला असता. मले राग झोपेचा नाही.”

मी म्हटलं, “माहीत आहे.”

“नाही माहीत. माहीत असतं तं सांगतलं असतं.”

बुधवारी शकून सात वाजता उठली. मी साडेपाचाले उठलो, अन् घरात कोणीच जागं नाही हे पाहून मले कसंसंच झालं. तांदूळ मी धुतले. चहा मी केला. फुलेश्वरी आली तं तिनं माझ्या हातात चहाचा कप पाह्यला अन् दारातच थांबली. तिले वाटलं, घरी कोणाले काही झालं की काय.

नवीन पद्धत अशी. डाळ-भाजी अकरापर्यंत चुलीवर उकळतीच ठेवाची. भात शेवटी लावाचा. डबे अगोदर उकळत्या पाण्यानं धुऊन, पुसून कोरडे करून ठेवाचे, ओला डबा म्हणजे अर्धं बिघडलेलं जेवण. भात डब्यात भरला की झाकण लगेच नाही दाबाचं. थोडी वाफ निघू द्याची, मंग कडी. साडेअकराले गाडी निघाली पाहिजे. म्हणजे एक घंट्यात पोचते, अर्ध्या घंट्यात उघडते, अन् रजई न लावताही हात भाजते.

फळ वेगळं. तीन खणाचा डबा दोन खणाचा केला. फळ छोट्या प्लास्टिकच्या डब्यात, अन् ते सगळे एका थर्माकोलच्या पेटीत. रात्रीच पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये जमवून ठेवाच्या, त्या मधामधात. गरम पेटी गाडीच्या एका कोपऱ्यात, थंड पेटी दुसऱ्या. दोघायची भेट नाही झाली पाहिजे. सफरचंद एकदम शेवटी कापाचं, मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं, निथळून, कपड्यावर कोरडं. चिमूट शकूनची, माझी नाही. केळ कापाचंच नाही. त्याले देवानं साल दिली आहे, आपण काहून हुशारी कराची. पपई कडक पाहून घ्याची, पिलपिली नाही.

हे सगळं कापाचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, हंस बनवू का? शकून म्हणे, “फोडी.”

बुधवारी फोन आला नाही. फोन न येणं ही आमच्या धंद्यात शाबासकी असते. पण आम्ही दोघं फोनकडे पाहत बसलो. दोन वाजले, तीन वाजले. फुलेश्वरी काम झाल्यावरही घरी गेली नाही.

गुरुवारी आम्ही दोघंही गेलो. साडेबाराले पोचलो. एक वाजता नेताम मॅडम शेडमध्ये आली, पेटीतून कोणताही एक डबा उचलला. बुडाले हात लावला अन् झटक्यानं काढला. “अरे बाप रे,” म्हणे, बोट फुंकत. मले वाटलं, गेलं काम. मंग तिनं उघडला. डाळीची वाफ चष्म्यावर आली. चष्मा पुसून भात पाह्यला, सुटा. थंड पेटीतून फळाचा डबा घेतला. सफरचंदाची फोड उचलून उजेडाकडे धरली, नोट तपासावी तशी. खाल्ली. कचकन आवाज आला.

तो आवाज ऐकून शकूननं माझा शर्ट मागून पकडला होता. अजूनही त्या शर्टाले तिथी चुणी आहे.

मॅडमनं दुसरी फोड खाल्ली. तिसरी खाल्ली. मंग म्हणे, “चलेगा, दीदी. एजन्सीवाले को मैं मना कर देती हूँ.” अन् उरलेलं फळ डब्यासकट घेऊन गेली.

दुबेजीनं शुक्रवारच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी ठेवली होती. गार्डनं वाचली. “भैया, आज फल में फल का स्वाद आया. कोई नया आदमी रखा है क्या?” मी गार्डले म्हटलं, लिहून दे, आदमी जुनाच आहे, उठाचा टाइम नवीन आहे.

डबे आता चाळीसाचे शेहेचाळीस झाले. फुलेश्वरी आपल्या बहिणीलेही आणते. शकून सातले उठते. मी कारखान्यातून दोन वाजता परत येतो, तीनले झोपतो, चारले ती मले उठवते. आमच्यात त्या सात महिन्याचं बोलणं अजून पूर्ण झालं नाही. मधात कधी भाजी चिरता चिरता ती म्हणते, “थंडीत तं पाणी असं बर्फासारखं होतं.” मी ऐकतो. मी त्यावर गंमत नाही करत. हे शिकाले मले सफरचंदापेक्षा जास्त वेळ लागला.

आता लोकं मले विचारते, मधूभैया, उन्हाळ्यात डबा खराब होते, काय कराचं? लिंबू लावाचं की मीठ? मी सांगतो, दोन्ही चांगलं आहे. पण पहिले एक दिवस तोच डबा, त्याच जागी, त्याच टायमाले बसून स्वतः खाऊन पाहा. बाकीचं आपोआप समजते. मले सात महिन्यांत जे नाही समजलं, ते एका घासात समजलं, अन् तो घास मी गिळलाही नव्हता.